इतिहास विसरणाऱ्या आकृती

त्रिमितीय आरेखनाच्या संगणकप्रणालींमध्ये 'इतिहास' हा शब्द एका खास अर्थाने रूढ आहे. पाया कोणता आखला, त्याला उंची केव्हा दिली, भोक कोठे पाडले, कड कधी गोल केली, या कृतींची क्रमवार नोंद म्हणजे त्या आकृतीचा इतिहास. १९८५ साली स्थापन झालेल्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनने आपल्या 'प्रो/इंजिनिअर'द्वारे ही पद्धत रुजवली. एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेले सारे नव्याने घडते, हे तिचे सामर्थ्य. आरंभीची एखादी कड नाहीशी झाली की तिच्यावर विसंबलेले पुढचे सगळे कोसळते, हे तिचे दौर्बल्य. १९९५मध्ये 'सॉलिडवर्क्स'ने हीच पद्धत विंडोजवर सुमारे चार हजार डॉलरांत आणली. तेव्हाच्या मानाने ही स्वस्ताई होती. एकट्या कारागिराला मात्र तीही पेलणारी नव्हती.

याच्या नेमका उलट विचार असा, की इतिहास ठेवूच नये. समोर दिसणारे पृष्ठ धरावे आणि ओढावे वा ढकलावे. यालाच डायरेक्ट मॉडेलिंग म्हणतात. ह्यूलेट-पॅकार्डच्या 'सॉलिडडिझायनर'ने नव्वदच्या दशकात हा मार्ग चोखाळला होता. २००७मध्ये 'स्पेसक्लेम' आली. तिच्या संस्थापकांतले माइक पेन हे पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी आणि सॉलिडवर्क्स या दोन्ही कंपन्यांच्याही संस्थापकांपैकी. इतिहासाची पद्धत रुजवणाऱ्यांतल्याच एकाने तिच्याबाहेर पाऊल टाकावे, ही गोष्ट आम्हांस बोलकी वाटते.

सामान्यांच्या हाती ही पद्धत पोचली ती प्रथम 'स्केचअप'मुळे. २०००मध्ये आलेली ही प्रणाली गूगलने २००६मध्ये विकत घेतली व तिची एक आवृत्ती मोफत दिली. २०१२मध्ये ती ट्रिम्बलकडे गेली. शिकायला इतकी सोपी प्रणाली विरळाच. पण तिच्यातले वर्तुळ हे खरे वर्तुळ नसते. एरवी काही न सांगितल्यास ते २४ सरळ रेषांचे बनते. घराच्या आराखड्याला एवढे पुरते, लेथवर कातायच्या दांड्याला पुरत नाही. २०१३मध्ये आरएस कंपोनंट्सने स्पेसक्लेमच्याच तंत्रावर बेतलेली 'डिझाइनस्पार्क मेकॅनिकल' मोफत दिली. तिच्यात आकृती खरीखुरी घन आणि वर्तुळ खरे वर्तुळ. मात्र सुरुवातीच्या काळात 'स्टेप' प्रकारची फाइल हवी असल्यास वेगळे पैसे मोजावे लागत. ऑटोडेस्कच्या 'फ्यूजन'मध्ये इतिहास ठेवण्याची वा न ठेवण्याची, दोन्ही सोयी आहेत.

येथे 'स्टेप'विषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९९४मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले हे आंतरराष्ट्रीय मानक निरनिराळ्या प्रणालींमध्ये आकृतींची देवाणघेवाण करण्यासाठी आहे. रोजच्या वापरात त्यातून आकार जातो, इतिहास जात नाही. म्हणून इतिहासावर उभारलेली आकृती दुसरीकडे नेली की तिचे अर्धे सार मागे राहते. हाताने ओढून-ढकलून घडवलेल्या आकृतीपाशी मुळात इतिहासच नसतो. त्यामुळे ती जवळजवळ जशीच्या तशी पोचते. डायरेक्ट मॉडेलिंगची सुलभता सर्वजण वाखाणतात. पण अल्प भांडवलाच्या माणसासाठी तिचा खरा लाभ हा स्थलांतराचा आहे, असे आमचे मत आहे.

अर्थात, दार उघडे असेल तरच. सप्टेंबर २०२०मध्ये ऑटोडेस्कने फ्यूजनच्या मोफत वैयक्तिक परवान्यातून स्टेप निर्यात काढून घेण्याचे जाहीर केले. वापरकर्त्यांनी ओरड केल्यावर ती सोय कायम ठेवण्यात आली. एका वेळी दहाच फाइली संपादनासाठी खुल्या ठेवण्याचे बंधन मात्र आले. आकृती इतिहासमुक्त असली तरी तिचा कर्ता कंपनीच्या निर्णयांपासून मुक्त नसतो, हे त्या वेळी अनेकांना उमगले.

या पार्श्वभूमीवर 'फ्रीकॅड'कडे पाहावे. २००२पासून घडत आलेली ही मुक्त प्रणाली प्रामुख्याने इतिहासाच्याच पद्धतीची. कडांची ओळख हरवून पुढची रचना मोडण्याचा वर उल्लेखिलेला दोष तिला वर्षानुवर्षे भोवला आणि नोव्हेंबर २०२४च्या १.० आवृत्तीत तो बराच आटोक्यात आला. ओढण्या-ढकलण्याचे सुख तिच्यात कमी आहे; परंतु स्टेप फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी ती कोणाकडे परवाना मागत नाही.

तेव्हा स्वस्त प्रणाली निवडणाऱ्याने आधी एक साधा ठोकळा काढावा, त्यात भोक पाडावे, तो स्टेपमध्ये बाहेर काढावा आणि फ्रीकॅडमध्ये उघडून पाहावा. भोक गोल राहिले, तर पुढची मेहनत तेथे करण्यास हरकत नाही.