नांदगावचे चक्र : दिवस मोजण्याच्या एका युक्तीची कुळकथा

ठरावीक दिवसापासून आजपर्यंत किती दिवस उलटले, ती संख्या म्हणजे अहर्गण. महिना, तिथी, वार, ग्रहांची स्थाने हे सगळे भारतीय गणितात त्या एका संख्येतून काढले जाते. नेपाळी विक्रम संवताची तारीख इंग्रजी तारखेत बदलणारे आजचे संगणक प्रोग्रॅमही हेच करतात : एक दिवस पक्का धरायचा, तिथून दिवस मोजायचे आणि मोजणीवरून दुसरी तारीख उभी करायची. या पद्धतीला जी सुटसुटीत, दोन कप्प्यांची घडण मिळाली, ती रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूड तालुक्यातल्या नांदगावात, इ.स. १५२० मध्ये.

आधीचे टप्पे परिचित आहेत. सिद्धांतग्रंथ कल्पाच्या आरंभापासून दिवस मोजत, तर तंत्रग्रंथ कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इ.स.पू. ३१०२ च्या फेब्रुवारीपासून. करणग्रंथांनी, म्हणजे व्यवहारातल्या गणितासाठी लिहिलेल्या ग्रंथांनी, आरंभदिन आपल्या काळाजवळ आणला. ब्रह्मगुप्ताचे खंडखाद्यक इ.स. ६६५ पासून मोजते, भास्कराचार्यांचे करणकुतूहल शके ११०५ पासून.

गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ शके १४४२ पासून, म्हणजे इ.स. १५२० पासून मोजतो. वडील केशव दैवज्ञ हेही नावाजलेले ज्योतिषी, आणि घराण्याचे गाव नंदिग्राम. या नावाची गावे एकाहून अधिक असल्याने गुजरातकडेही बोट दाखवले जाते. पण शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात नंदिग्राम म्हणजे तेव्हाच्या जंजिरा संस्थानातले नांदगाव, असे नोंदवले आहे. दीक्षित स्वतः कोकणातले, दापोलीजवळच्या मुरूडचे. ग्रंथांबरोबर मुलूखही माहीत असलेल्या अभ्यासकाचा हा निर्वाळा अधिक वजनाचा मानायला हवा.

गणेश दैवज्ञांपुढची अडचण मोठ्या संख्येची होती. कलियुगारंभापासून त्यांच्या काळापर्यंत १६ लाख ८७ हजारांहून अधिक दिवस झाले होते. प्रत्येक ग्रहाची गती या संख्येने गुणायची तर पाटीवर आकड्यांची रांग लागते आणि एका अंकाची चूक सगळे गणित नासवते. आरंभदिन जवळ आणला की काही पिढ्यांपुरती सुटका होते, नंतर संख्या पुन्हा फुगते. करणकुतूहलाचा अहर्गण शके १४४२ पर्यंत सव्वा लाखाच्या घरात पोचला होता.

त्यांनी दिवस ११ वर्षांच्या चक्रांत बांधले. एका चक्राचे दिवस ४०१६. किती चक्रे पूर्ण झाली ही एक संख्या आणि चालू चक्रातले किती दिवस गेले ही दुसरी. दुसरी संख्या चार हजारांच्या आसपासच राहते, मग काळ कितीही लोटो. प्रत्येक ग्रह एका चक्रात किती सरकतो ते एकदाच काढून ठेवले की मोठा गुणाकार उरतच नाही.

४०१६ हाच आकडा का, हे पाहण्याजोगे आहे. अकरा वर्षांत १३२ महिने आणि साधारण ४ अधिकमास, मिळून १३६ चांद्रमास. त्यांचे दिवस होतात ४०१६.१६. पूर्णांक ठेवल्याने दर चक्रात दिवसाचा सुमारे सहावा भाग सुटतो, म्हणून सहा चक्रांमागे एक दिवस मिळवायचा. ही दुरुस्ती रीतीतच ओवलेली आहे आणि सबंध अहर्गण काढण्याची रीत दोन श्लोकांत मावते. त्यांतले आकडे अंकांनी लिहिलेले नसून ‘ईश’ म्हणजे ११, ‘अमर’ म्हणजे ३३ अशा शब्दांनी आले आहेत, त्यामुळे ते पाठ होतात आणि नकलताना सहसा बिघडत नाहीत.

रीत चालवून पाहायला त्याच जिल्ह्यातला दिवस घेता येतो. शिवराज्याभिषेक रायगडावर शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. १५९६ मधून १४४२ वजा केले की १५४ वर्षे. त्याला ११ ने भागले तर पूर्ण चक्रे १४, बाकी शून्य. चालू वर्षाचे चैत्र आणि वैशाख हे दोन महिने उलटलेले. अधिकमासांसाठी या दोनांत चक्रांची दुप्पट, म्हणजे २८, आणि आणखी १० मिळवायचे. येतात ४०. त्यांना ३३ ने भागून १ अधिकमास. महिने झाले ३, त्यांचे ९० दिवस. गेलेल्या तिथी १२, मिळून १०२. चौदा चक्रांचा सहावा भाग २, मिळून १०४. दर ६४ तिथींमागे एक तिथी गळते, म्हणून १ वजा. उरले १०३.

वार काढायचा तर १०३ मध्ये चक्रांची पाचपट, म्हणजे ७०, मिळवायची. ४०१६ ला ७ ने भागल्यावर बाकी ५ राहते, म्हणून ही पाचपट. १७३ ला ७ ने भागून बाकी ५. सोमवार शून्य धरून मोजले की येतो शनिवार. आरंभदिन १९ मार्च १५२०, सोमवार. तिथून १४ चक्रांचे ५६,२२४ आणि वरचे १०३ असे ५६,३२७ दिवस पुढे गेले की येते ६ जून १६७४. त्या दिवशी शनिवारच होता. त्याच्या दीडशे वर्षे आधी किनाऱ्यावरच्या गावात बसवलेले गणित गडावरच्या दिवसाला अचूक लागू पडते.

जेधे घराण्याच्या कालक्रमाच्या नोंदींत, म्हणजे जेधे शकावलीत, मात्र हा प्रसंग द्वादशीला, शुक्रवारी नोंदलेला आहे. विरोध दिसतो, पण तो खरा नाही. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती. भारतीय दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून शकावलीच्या हिशेबात शुक्रवार संपलेला नव्हता, तर मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या हिशेबात शनिवार लागलेला होता. शिवाय ६ जून ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. मुंबईचे इंग्रज तेव्हा ती पद्धत वापरत आणि चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज ग्रेगोरियन. त्यांच्या लेखी तो दिवस १६ जून. एकाच किनाऱ्यावर एकाच पहाटेला इतकी नावे होती. दोन पंचांगांत पूल बांधणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरला हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात : दिवस कुठे सुरू होतो, आणि इंग्रजी तारीख कोणत्या पद्धतीची.

रीत सरासरी गतींवर चालते, म्हणून कधी एका दिवसाने चुकतेही. शके १९४७ चा गुढीपाडवा घ्यावा. ५०५ वर्षे, म्हणजे ४५ चक्रे आणि बाकी १०. त्याच पायऱ्यांनी अहर्गण ३७२८ येतो आणि वार शनिवार. पाडवा होता रविवारी, ३० मार्च २०२५ रोजी. यावर करणग्रंथांच्या परंपरेतला उपाय साधा आहे : वार जुळत नसेल तर अहर्गणात एक मिळवावा किंवा काढावा. ३७२९ केले की रविवार येतो. संगणकाच्या भाषेत वार हा चेकसम, म्हणजे चूक पकडणारा ताळा आहे. मोडी कागदांच्या तारखा लावणारे अभ्यासकही याच कसोटीवर अवलंबून असतात. कागदात वार दिलेला असला तर तिथीतली चूक पकडता येते.

ही घडण नांदगावातच का झाली? ग्रहलाघवात ज्या-चाप, म्हणजे त्रिकोणमितीची कोष्टकेही वगळलेली आहेत. सगळे काम लहान पूर्णांकांच्या गुणाकार-भागाकारावर चालते. किनाऱ्यावर असा हिशेब रोजचा आहे. भरती किती वाजता येणार ते कोळी आणि नाखवे तिथीच्या पाऊणपटीने सांगतात : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्राची गती समुद्रासमोर राहणाऱ्यांना तोंडी हिशेबात बसवावीच लागते, आणि तीच सवय गणेश दैवज्ञांच्या ग्रंथात उतरली असावी. उलट मत असे की पंचांग करणाऱ्या गावोगावच्या जोशांना सोपे साधन हवे होते, एवढेच कारण पुरेसे आहे. ते कारण ग्रहलाघव महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात शतकानुशतके का चालला हे समजावते. पण सोपेपणाची गरज सगळ्याच करणकारांना होती, चक्राची ही घडण मात्र गणेश दैवज्ञांनी बसवली. म्हणून समुद्राचे कारणही शक्य वाटते.

संगणकातल्या तारखांचे मूळ सहसा दुसरीकडे दाखवले जाते. जोसेफ स्कॅलिजर यांनी १५८३ मध्ये इ.स.पू. ४७१३ पासूनचा काळगणनेचा प्रदीर्घ आवर्त मांडला आणि त्यावरून पुढे खगोलशास्त्रज्ञांनी ज्युलियन दिनांक रूढ केला. प्रोग्रॅमरांनी तो तिथून उचलला, हे खरेच आहे. पण तो एकाच फुगत जाणाऱ्या संख्येचा मार्ग आहे, कलि-अहर्गणासारखा. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी युनिक्सची पद्धतही त्याच वळणाची. ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत ती १९ जानेवारी २०३८ रोजी मावेनाशी होईल. चक्राचा मार्ग दिसतो तो जीपीएसमध्ये. उपग्रह आठवड्याचा क्रमांक आणि आठवड्यातली वेळ अशा दोन संख्या पाठवतात. मूळ संदेशात आठवड्यांना १० बिट असल्याने १०२४ आठवड्यांनी क्रमांक पुन्हा शून्यावर येतो. तसा तो १९९९ आणि २०१९ मध्ये आला. गणेश दैवज्ञांच्या चक्रसंख्येला अशी मर्यादा नाही. त्यांची रचना या बाबतीत सरस ठरते.

चक्राच्या पुढचा टप्पा कोष्टकांचा, आणि तोही याच किनाऱ्याकडे येतो. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. ग्रहलाघवाची स्थाने साडेतीनशे वर्षांत आकाशापासून ढळली होती. केरूनानांनी युरोपीय गणिताच्या आधारे नवी कोष्टके दिली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग त्या अंगाने निघू लागले. इतिहासाच्या कामासाठी जंत्र्या तयार झाल्या : जनार्दन बाळाजी मोडकांची शके १६५० पासूनची, त्याआधीच्या शतकासाठी ग. स. खरे यांची. दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा ‘द इंडियन कॅलेंडर’ १८९६ मध्ये लंडनला छापला गेला. जंत्रीत गणित करावे लागत नाही, ओळ शोधावी लागते.

नेपाळी तारखेचा प्रोग्रॅम म्हणजे अशी जंत्री आणि अहर्गण यांची जोडी. नेपाळात सौर महिना संक्रांतीवर ठरतो. सूर्य राशी नेमका केव्हा बदलतो त्यानुसार महिना २९ ते ३२ दिवसांचा होतो, आणि पंचांग निर्णायक समितीने मान्य केलेले पंचांग प्रमाण धरले जाते. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वर्षाची बारा आकड्यांची ओळ लिहून ठेवतात. संवत २००० ची ओळ अशी : ३०, ३२, ३१, ३२, ३१, ३०, ३०, ३०, २९, ३०, २९, ३१. बेरीज ३६५. पक्का दिवस १ वैशाख २०००, म्हणजे १४ एप्रिल १९४३. आता १७ पुस (पौष) २००० ची इंग्रजी तारीख हवी असेल तर पहिल्या आठ महिन्यांचे २४६ आणि नवव्यातले १६ मिळून २६२ दिवस, आणि १४ एप्रिलपासून २६२ दिवसांनी येतो १ जानेवारी १९४४. दोन्हीकडे शनिवार.

भारताच्या राष्ट्रीय शक दिनदर्शिकेला ओळींची गरज नाही. मेघनाद साहांच्या समितीने महिन्यांचे दिवस ठरवून दिले आणि २२ मार्च १९५७ पासून ते लागू झाले. नियम दोन ओळींत लिहिता येतो, पण रोजच्या व्यवहारात ती तारीख क्वचितच दिसते. नेपाळात कोष्टकाची तारीख जन्मापासून नागरिकत्वाच्या दाखल्यापर्यंत चालते. कोकणातल्या आंबा बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी गुरख्यांच्या दाखल्यांवरही तीच असते. वर्षातून ५७ वजा करणे हा ढोबळ उपाय पुसाच्या मध्यापर्यंतच बरोबर ठरतो. १ जानेवारीपासून नेपाळी वर्ष संपेपर्यंत ५६ वजा करावे लागतात. महिन्याचा दिवस ३१ च्या पुढे न स्वीकारणाऱ्या नोंदणीत ३२ जेठला जन्मलेल्या माणसाची तारीख बसतच नाही.

म्हणून चांगल्या प्रोग्रॅममध्ये दिवसाची मर्यादा त्या त्या वर्षाच्या ओळीवरून तपासतात, नेपाळी तारीख मूळ रूपात जपून ठेवतात आणि शेजारी दिवसांची संख्या लिहितात. प्रसिद्ध झालेल्या पंचांगांच्या पुढच्या वर्षांच्या ओळी अंदाजाने भरलेल्या असतात. समितीचे पंचांग निघाले की त्या ताडून पाहाव्या लागतात, आणि कोष्टकाबाहेरची तारीख आली तर जवळपासचे उत्तर न देता चूक दाखवून थांबावे लागते.