सही दोघांची, हेलिकॉप्टर एक

डोळे चोळत बसू नका, तंबूबाहेर या. साल १९६६, गाव दक्षिण व्हिएतनाममधलं आन खे. अजून उजाडलेलं नाही, तरी शर्ट पाठीला चिकटलाय. नाकात आधी शिरतो तो जेपी-४ इंधनाचा रॉकेलसारखा भपकारा. मागोमाग ओल्या कॅनव्हासचा कुबट वास आणि करपलेली कॉफी. समोरच्या मैदानाला सगळे ‘गोल्फ कोर्स’ म्हणतात. गोल्फ कुणी खेळत नाही. अमेरिकेच्या फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजनची हेलिकॉप्टरं इथे नजर पोचेल तिथवर उभी आहेत.

तुम्ही आज वैमानिक. वय जेमतेम एकवीस, रुबाब पन्नाशीचा. तो जरा आवरा, कारण तुमच्या ह्यूई हेलिकॉप्टरपाशी क्रू चीफ उभा आहे. कोपरापर्यंत ग्रीस, नखांत तांबडी माती, डोळे तारवटलेले. काल रात्री तुम्ही घोरत होतात, तेव्हा तो टॉर्च धरून, डास मारत हिची तपासणी करत होता. हेलिकॉप्टर सरकारचं, उडवणार तुम्ही. पण खरा मालक तोच, असं तो मानतो. तुम्हीही मानलेलं बरं.

हेलिकॉप्टरची नोंदवही उघडा. लाल फुली असेल तर उड्डाण बंद, मग कुणी कितीही घाई करो. आज नुसती लाल तिरकी रेघ आहे, म्हणजे किरकोळ दोष. उडायला हरकत नाही. खाली त्याची सही आहे. तेवढ्यावर विसंबून आत बसणार? छे! बाह्या सारा आणि छतावर चढा.

पत्रा दवाने निसरडा झालाय, जपून. रोटरच्या डोक्यावरचा तो मोठा नट बघा. त्याला इथे ‘जीझस नट’ म्हणतात. का, ते विचारू नका, नीट बसलाय ना ते पाहा. दांड्या हाताने हलवा, कुठे खुळखुळतंय का? लाल ओघळ दिसला तर थांबा, ते हायड्रॉलिक तेल. आता उतरा. पोटाखालून बरणीत थोडं इंधन काढा. पाणी शिरलं असेल तर तळाशी बसेल.

शेपटाच्या गिअरबॉक्सवर तेलाची गोल काच आहे. भरलेली दिसते ना? “हलवून बघा, साहेब,” क्रू चीफ म्हणतो. जुन्या तेलाचा डाग बसला की रिकामी काचही भरलेली भासते. तोच शेपूट धरून गदागदा हलवतो. काचेत तेल डचमळतं. आता खरं!

पात्याला बांधलेला पट्टा सोडलाय ना? मग चला. इंजिनाची शीळ चढते, पाती धपाधप हवा कापू लागतात, दाताखाली धूळ करकरते. आणि मागे वळून बघा: क्रू चीफ मशीनगनपाशी बसलाय. ज्याने नट तपासला, तोच त्याच्याखाली बसून निघालाय.

संध्याकाळी परतल्यावर लगेच तंबू गाठू नका. पेडलमध्ये थरथर जाणवली होती? वहीत लिहा: केव्हा, किती वेगाला, चढताना की उतरताना. तुम्ही गप्प राहिलात, तर तो बिचारा रात्री टॉर्च घेऊन शोधणार तरी काय? आणि लिहून मोकळे झालात, असंही समजू नका. त्याने काय दुरुस्त केलं, ते बघायला उद्या पहाटे छतावर तुम्हालाच चढायचंय.