मद्यासक्तांचे परस्परसाहाय्य : सोलापूर व महाराष्ट्र

मद्यपान सोडलेल्या वा सोडू इच्छिणाऱ्या व्यक्तींनी एकत्र येऊन, स्वानुभवकथनाच्या आधारे एकमेकांची निर्व्यसनी अवस्था टिकविण्याचा केलेला प्रयत्न. दारूबंदीचा रोख मद्यावर व त्याच्या विक्रीवर असतो, परस्परसाहाय्याचा मद्यप्यावर. या दोहोंतील अंतर सोलापूरच्या इतिहासात ठळकपणे दिसते.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत दारूच्या दुकानांवरील निरोधने व शिंदीची झाडे तोडणे यांचा समावेश होता. शिंदीवरील अबकारी कर हे सरकारी उत्पन्नाचे साधन असल्याने झाडावरील घाव सत्तेवरचाच घाव ठरे. महात्मा गांधींच्या अटकेनंतर, ८ मे १९३० रोजी, सोलापूरच्या रूपाभवानी परिसरातील शिंदीची झाडे तोडण्यास लोक गेले. पोलिसांशी चकमक उडून गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण मृत्युमुखी पडला. शहरात उद्रेक होऊन लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. एवढे मोल देऊनही, दारूवाचून ज्याचा दिवस जात नाही अशा मजुराचे काय, हा प्रश्न या लढ्याच्या कक्षेबाहेरच राहिला. लढा परसत्तेशी असल्याने तसे होणे स्वाभाविक होते.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत मिळाले. मद्यपान सोडलेला बिल विल्सन हा दलाल १९३५ मध्ये व्यवसायानिमित्त ओहायओतील ॲक्रन येथे आला असता, काम फसल्यामुळे पुन्हा पिण्याची ओढ त्याला लागली. तीवर उपाय म्हणून त्याने दुसऱ्या मद्यप्याचा शोध घेतला आणि त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. दुसऱ्यास सावरताना आपणही सावरतो, हा अनुभव अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचे मूळ होय. आजच्या दिवसापुरते न पिण्याचा निश्चय, बारा पायऱ्यांचा क्रम, निनावीपणा व बाहेरच्या देणग्यांना नकार ही तिची वैशिष्ट्ये आहेत. निनावीपणामुळे तिच्या स्थानिक गटांचा इतिहास नावांनिशी लिहिता येत नाही. तो तसा लिहिला जाऊ नये, हेच तिच्या तत्त्वास धरून आहे.

भारतातील तिचे कार्य १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्या वेळी मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यानुसार दारूबंदी होती, ही गोष्ट लक्षणीय आहे : कायद्याने दुकान बंद होते, आसक्ती नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या वारकरी परंपरेत या पद्धतीशी अंशतः जुळणारे काही आढळते. तुळशीची माळ घालणाऱ्यास मद्य व मांस वर्ज्य असते. नित्यनेम व दरवर्षीची वारी यांमुळे व्रत दिंडीतील सोबत्यांच्या साक्षीने टिकते. मात्र माळ ही भक्तीची खूण आहे, व्यसनावरील उपचार नव्हे. शिवाय व्रत मोडलेल्याने आपली कथा उघडपणे सांगावी, अशी तेथे रीत नाही. संघटनेच्या सभेत नेमके तेच घडते.

मुंबईतील कृपा फाउंडेशन (१९८१) या संस्थेने बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने सुरू केले. तेथे वैद्यकीय उपचारांबरोबर गटचर्चेला स्थान असून, व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीच पुढे कार्यकर्त्या होतात. अशा पद्धतीच्या परिणामांविषयी दीर्घकाळ वाद होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन समीक्षेने २७ अभ्यासांचा आढावा घेऊन, सातत्याने मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांवर आधारलेले उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस असल्याचा निष्कर्ष काढला.

मद्यप्याच्या व्यसनाचा भार बव्हंशी पत्नीवर पडतो. तिला बोलण्यास जागा मिळावी म्हणून अमेरिकेत लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये अल्-अनॉन ही संघटना निघाली. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो.