शिळेवरचा पाठ आणि कंठातला पाठ

पवारांच्या माळव्यातील राजधान्या म्हणून धार व देवास ही नगरे मराठी वाचकास परिचित आहेत. धर्मवाङ्मयाच्या अभ्यासात संगणकाचे साहाय्य कोठवर घ्यावे, या प्रश्नाचा विचार करताना मात्र आम्हांस ती निराळ्या कारणाने आठवतात. एके ठिकाणी धर्मकाव्य शिळेवर स्थिरावले, दुसरीकडे ते कंठातून कंठात वाहत राहिले.

धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये तेथील भोजशाळा-कमाल मौला वास्तूतील शिलालेख विद्वानांच्या नजरेस आणले. त्यांत विष्णूच्या कूर्मावताराची दोन प्राकृत स्तोत्रे होती. प्रत्येकी १०९ पद्यांची ही कूर्मशतके रिचर्ड पिशेल यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५-०६) प्रसिद्ध केली. लेखात कर्तृत्व भोजराजाकडे दिले आहे. हे कितपत खरे, याचा निर्णय यंत्र शब्दगणनेने देईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. भोजाच्या नावावरील मोठे ग्रंथ संस्कृतात, ही स्तोत्रे प्राकृतात. तुलनेस समान भूमीच नाही. शिवाय इतक्या थोड्या पद्यांवरून एखाद्याच्या लेखनाची लकब ठरविणे धोक्याचे. दोन्ही शतकांची परस्परांशी तुलना करून ती एका हातची आहेत काय, एवढे विचारणे मात्र योग्य होय.

जेथे सामग्री विपुल, तेथे यंत्राचे उपकार निःसंशय मोठे आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती हस्तलिखिते हातांनी ताडून सिद्ध केली. पुढे जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी तिची संहिता संगणकात उतरविली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती शोधून शुद्ध केली. ज्या शब्दाच्या शोधात पूर्वी दिवस जात, तो आज क्षणात सापडतो.

परंतु देवासला वेगळीच अडचण उभी राहते. क्षयाने ग्रस्त झालेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये तेथे राहावयास आले आणि १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत तेथेच राहिले. माळव्यातील नाथपंथी भजनपरंपरेतून त्यांनी कबिराची निर्गुणी पदे उचलली. अशा पदांत गायकागणिक शब्द पालटतो, कडवे मागेपुढे होते. यंत्राला हे सारे ‘पाठभेद’ दिसतात आणि त्यांच्या मुळाशी एकच शुद्ध पाठ असावा, असे आपण नकळत गृहीत धरतो.

विनांद कॅलेवार्ट व मुकुंद लाठ यांनी नामदेवांची हिंदी पदे १९८९ मध्ये संपादिली, तेव्हा हस्तलिखिते ताडण्यास संगणक वापरला. त्यांना दिसले ते असे की, या पोथ्यांमागे नकलनवीसांच्या आधी गायकांची परंपरा उभी होती. म्हणजे प्रत्येक भेद ही लेखनिकाची चूक नव्हे. कित्येक भेद ही गाण्याची खूण आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. शिलालेखाचा ठसा घेताना शिळा कोठे होती हे आपण टिपून ठेवतो. पदाचा पाठ यंत्रात घालतानाही ते कोणाच्या मुखातून, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी आले, हे तितक्याच काटेकोरपणे नोंदवावे. ती नोंद नसेल, तर यंत्र कंठातल्या पदाची शिळा करून ठेवील, आणि पुढचा अभ्यासक त्या शिळेलाच कबीर समजेल.