वस्तीचा निधी: येतो कुठून, अडतो कुठे

गावात सिमेंटचा नवा रस्ता झाला की त्याच्या तोंडाशी फलक लागतो. योजनेचे नाव, मंजूर रक्कम, कामाचे वर्ष. फलकावर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती' लिहिलेले आणि रस्ता मात्र वस्तीच्या अलीकडेच संपलेला, हे आम्ही एकापेक्षा जास्त गावांत पाहिले आहे. वस्तीतल्या तरुणांना विचारावे तर योजनेचे नावही ठाऊक नसते. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

ग्रामीण महाराष्ट्रात आपल्या वस्त्यांसाठी सर्वात ओळखीची योजना म्हणजे जुनी 'दलित वस्ती सुधार योजना'. तिचे आजचे सरकारी नाव अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे. ('नवबौद्ध' हा शब्द आपल्यापैकी अनेकांना खटकतो. १९५६ ला इतकी वर्षे लोटली तरी आपण नवेच! पण कागदावर हाच शब्द शोधावा लागतो.) ५ डिसेंबर २०११ च्या शासन निर्णयाने वस्तीच्या लोकसंख्येनुसार निधी ठरवून दिला. १० ते २५ लोकसंख्येच्या वस्तीला २ लाख, ५१ ते १०० ला ८ लाख आणि ३०० च्या वर गेल्यास २० लाख रुपये, अशी ती चढण होती. प्रस्ताव करताना रक्कम चालू शासन निर्णयातूनच घ्यावी. जुन्या आकड्यावर केलेला प्रस्ताव परत येतो.

या निधीतून अंतर्गत रस्ते, गटारे, पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, समाजमंदिर अशी कामे होतात. यादीत समाजमंदिर आहे, विहार नाही. ठरावात 'विहार बांधकाम' लिहिले की फाईल तिथेच थांबते. आमचे मत असे की समाजमंदिर जरूर मागावे, पण पावसाळ्यात घरात पाणी शिरत असेल तर गटार आधी. वर्षातून एकदा १४ एप्रिलला उघडणारी आणि एरवी कुलूप असलेली समाजमंदिरे काही कमी नाहीत.

आता कागदाची वाट. वस्त्यांचा पाच वर्षांचा बृहत आराखडा तयार होतो. त्यात वस्तीचे नाव, तिची लोकसंख्या आणि कामे नोंदवलेली असतात. आपली वस्ती या आराखड्यात नसेल तर पुढची सगळी धावपळ वाया जाते. तेव्हा पहिला प्रश्न ग्रामसेवकाला (हल्लीचे नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच विचारावा: आराखड्यात आमची वस्ती आहे का, आणि लोकसंख्या किती दाखवली आहे? वस्तीची लोकसंख्या दहाने कमी दाखवली की काय फरक पडतो, असे वाटते. पण वरची चढण पाहा. पायरीच्या काठावरच्या वस्तीत दहा माणसे गळली तर निधीची पायरीच खाली येते.

त्यानंतर ग्रामसभेचा ठराव. तो पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो, अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मंजुरी होते आणि प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात पोहोचतो. पैसा जिल्हा वार्षिक योजनेतल्या अनुसूचित जातींसाठी राखलेल्या हिश्श्यातून येतो. ३१ मार्चची घाई सुरू झाली की तयार कागद असलेल्या गावांची कामे मार्गी लागतात. आपण ठराव फेब्रुवारीत मागायला जातो, ही आपली जुनी चूक.

कायद्याने ग्रामसभा वर्षात किमान चार व्हायला हव्यात आणि तिची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. वस्तीतले पंचवीस-तीस जण, त्यातही महिला, एकत्र जाऊन बसले तर कामाच्या ओळीत 'वस्तीतील' या मोघम शब्दाऐवजी 'अमुक घरापासून अमुक घरापर्यंत' असे लिहून घेता येते. रस्ता भलतीकडे वळतो तो याच मोघम शब्दामुळे. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेची नक्कल माहितीच्या अधिकारात मागावी. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फलकावरची लांबी आणि पुस्तिकेतली लांबी टेप लावून ताडून पाहायला इंजिनिअर लागत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्केही मागासवर्गीयांसाठी खर्च व्हायला हवेत. त्याचा हिशेब त्याच अर्जात मागता येतो.

केंद्राची योजना वेगळी आहे. २००९-१० मध्ये प्रधानमंत्री आदर्श ग्राम योजना आली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जातीची असलेली गावे निवडली जात. २०२१-२२ पासून ती प्रधानमंत्री अनुसूचित जाती अभ्युदय योजनेचा भाग झाली आणि अट ४० टक्के अनुसूचित जाती, एकूण लोकसंख्या किमान ५०० अशी खाली आली. गावाचा विकास आराखडा करायचा, इतर योजनांतून होणारी कामे त्यांतून करून घ्यायची आणि उरलेली उणीव भरायला गावाला २० लाख, अशी तिची रचना. इथे टक्केवारी जनगणनेतून येते. आणि नेमकी इथेच आपली अडचण आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांहून अधिक नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. मधल्या १३ लाखांत काही जण मुळातच अनुसूचित जातीबाहेरचे असतील, पण अनेकांनी धर्म 'बौद्ध' सांगितला आणि जात सांगितली नाही, असे आम्हाला वाटते. समजा, हजार वस्तीच्या गावात आपले ४५० लोक आहेत. त्यांतल्या ६० जणांनी जात सांगितली नाही, तर उरतात ३९०, म्हणजे ३९ टक्के. गाव यादीबाहेर.

धर्म बदलल्यावर जात का सांगायची, हा प्रश्न तरुण विचारतात आणि तो चुकीचा नाही. पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावरची जात, या दोन्ही नोंदी एकत्र करता येतात. दुसरी नोंद पहिलीला खोडत नाही. ज्यांना ती तत्त्वतः नको, त्यांनी निदान आपल्या गावाच्या टक्केवारीचे काय होते ते समजून निर्णय घ्यावा.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात सर्वांची जात विचारली जाणार आहे. प्रगणक येतो तेव्हा आई-वडील मजुरीला गेलेले असतात आणि शेजारी तोंडी माहिती सांगून मोकळे होतात. वस्तीतल्या दोन-तीन मुलांनी त्या दिवसांत घरोघरी आधी जाऊन यावे, आणि नोंद भरून झाली की धर्म व जात हे दोन रकाने प्रगणकाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे.