अनामिक यंत्रांची ओळख : पनवेलच्या चाक-व्यवसायाच्या अनुषंगाने

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव आज खारघर वसाहतीचा भाग होऊन बसले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, परिसरातील भातशेतीच्या जमिनी नियोजित नगरासाठी संपादित झाल्या, आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलपाडा हे नाव मेट्रोच्या एका स्थानकालाही लाभले. शेती गेली तशी बैलगाडी गेली. आणि गाडीपाठोपाठ ती घडविणाऱ्या सुतारांची व लोहारांची साधनेही गेली. त्यांपैकी काही पडक्या पडवीत, काही मोडीच्या ढिगात अधूनमधून आढळतात. त्यांवर कारखान्याचे नाव नसते, अंक नसतो, आणि बहुधा दोन-तीन निरनिराळ्या यंत्रांचे अवशेष एकत्र जोडलेले असतात. असे यंत्र कशाचे, हा प्रश्न वरवर कुतूहलाचा वाटला तरी प्रादेशिक आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

नाव असलेल्या यंत्रांचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते. किर्लोस्करवाडीची स्थापना १९१० ची. १९२० साली त्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिकही सुरू केले. तेथील नांगराला जाहिरात होती, छापील माहिती होती, गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार होता. गावच्या कारागिराने स्वतःच्या गरजेसाठी स्वतःच घडविलेल्या यंत्राला यांतील काहीही लाभले नाही. ते विकण्यासाठी केलेले नव्हते. म्हणून त्याचे वर्णन करण्याची वेळच कोणावर आली नाही. अशा यंत्राच्या बाबतीत कागदाची जागा झिजेने घ्यावी लागते.

प्रथम पनवेलची पार्श्वभूमी पाहू. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी गलबताने पनवेल बंदरात उतरे व तेथून बोरघाट चढे. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर या वाहतुकीला चाकांचा आधार मिळाला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि पनवेलवरून जाणारी दूरची वाहतूक ओसरली. परंतु चाकांचा धंदा त्याबरोबर बुडाला नाही. १९०८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीच्या चाकांचाच निर्देश आहे, बाजाररस्त्यावरील दुकानदारांकडे चाकांची निदान एखादी जोडी विक्रीस असे, असे त्यात नोंदविले आहे. याची संगती अशी लावता येते की, आगगाडीने लांबची वाहतूक हिरावली, तरी शेतातून खळ्यावर, खळ्यावरून बाजारात व स्थानकावर माल नेणारी गाडी चालूच राहिली.

दुकानात विक्रीस ठेवलेले चाक आणि बलुत्यात केलेले चाक यांत फरक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यातील सुतार ओळखीच्या कुणब्याची ओळखीची गाडी दुरुस्त करतो. त्याला एका चाकाचे माप त्याच गाडीवरून घेता येते. बाजारासाठी चाके करणाऱ्याला मात्र अनोळखी गिऱ्हाइकाच्या आखात बसेल असा तुंबा आणि एकमेकांशी जुळणारी जोडी पुनःपुन्हा काढावी लागते. हाताचा अंदाज तेथे पुरत नाही. घरगुती यंत्रांचा उगम शोधावयाचा तो या गरजेत.

अशा साधनांत सर्वांत अधिक गोंधळ उडविणारे यंत्र तीन रुळांचे असते. ते पाहताच उसाचा चरक म्हणून त्याची नोंद होण्याचा संभव फार. कारण तीन रूळ, दातेरी चाके आणि फिरविण्याची मूठ ही सर्व चिन्हे दोहोंत समान आहेत. पण बारकाईने पाहता भेद स्पष्ट होतो. चरकाचे रूळ एकमेकांना जवळजवळ भिडलेले असतात, ऊस धरण्यासाठी त्यांवर बहुधा खाचा असतात, आणि खाली रस गोळा करण्याची सोय असते. लोखंडी धाव वाकविण्याच्या यंत्रात खालचे दोन रूळ परस्परांपासून दूर, गुळगुळीत, आणि वरचा रूळ त्या दोहोंच्या मधोमध येतो. वरचा रूळ स्क्रूने खाली दाबला की सरळ पट्टीला बाक येतो. जितका दाब अधिक तितके वर्तुळ लहान. निर्णायक पुरावा मात्र यंत्राच्या एका टोकाला सापडतो. पट्टीचे कडे वरच्या रुळाभोवतीच तयार होत असल्याने ते बाहेर काढण्यासाठी रुळाचे एक टोक मोकळे ठेवावे लागते किंवा तेथला आधार सुटा करावा लागतो. चरकाला या खटाटोपाचे काही कारण नाही. रुळावरील झिजेचा पट्टा मोजला असता धावेची रुंदीही कळते, आणि झीज एकाच रुंदीची असेल तर त्या कारागिराने वर्षानुवर्षे एकाच जातीची चाके केली, असे अनुमान बळकट होते.

तुंबा कातण्याच्या साधनाची कथा निराळी आहे. दोन लाकडी खुंट, त्यांत समोरासमोर रोखलेली दोन लोखंडी टोके, एवढेच कधीकधी उरलेले असते. तुंब्याभोवती दोरीचे वेढे देऊन मदतनीस ती आळीपाळीने ओढी. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे, आणि हत्यार एकाच दिशेच्या फेऱ्यात कापी. टोके स्थिर असल्याने खुंटांत फिरत्या दांड्याच्या झिजेची खूण नसते. याउलट जेथे मोठे चाक उभे करून पट्ट्याने गती दिली जाई, तेथे आधाराच्या छिद्रांत तेलाचा काळा थर व गोल झीज दिसते. हे मोठे चाक सुटे सापडले तर ते गाडीचे म्हणूनच बाजूला पडण्याची भीती असते. त्याच्या घेरावर धावेऐवजी पट्ट्याची चकाकी आहे की काय, हे पाहणे अगत्याचे.

दांड्याच्या टोकाला सैल फिरणारी एक लहान लोखंडी चकती हे आणखी एक कोडे. ती खेळणे नव्हे. ते परिघ मोजण्याचे साधन होय. लाकडी चाकाच्या कडेवरून ती फिरवून फेरे मोजावयाचे, मग तीच धावेच्या आतून फिरवावयाची. धाव लाकडापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात तापवून चढवितात आणि पाणी ओतून आवळतात. १५० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४७१ सेंटिमीटर. धावेचे तापमान ६०० अंश सेल्सिअसने वाढले तर हा घेर सुमारे ३.४ सेंटिमीटरने वाढतो. कारागिराचा सारा खेळ या साडेतीन सेंटिमीटरांच्या आतला. शिवाय पट्टी वाकविताना तिची लांबी आतल्या घेराइतकी घेऊन चालत नाही. जाडीच्या सुमारे तिपटीहून थोडी अधिक भर घालावी लागते. १२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीस ही भर ३.८ सेंटिमीटर, म्हणजे तापविण्याने मिळणाऱ्या वाढीहूनही जास्त होते. चकतीच्या कडेवर छिन्नीने पाडलेली एखादी खूण म्हणजे फेऱ्याचा आरंभबिंदू. 

या सर्व निदानांचा आधार असलेली झीज, तेलाचा थर, खडूच्या रेघा ही चिन्हे अत्यंत नाशवंत आहेत. वस्तू हाती येताच ती घासून, तिला तेलपाणी व रंग देऊन शोभिवंत करण्याचा उत्साह सर्वत्र दिसतो. तसे केलेल्या यंत्राचे लोखंड टिकते, पण त्याची साक्ष संपते. जागेवरून हलविण्यापूर्वी यंत्राची दिशा, जमिनीपासूनची उंची, शेजारच्या खुंटांची अंतरे व जवळची इतर हत्यारे यांची नोंद होणे म्हणूनच आवश्यक ठरते. दाते मोजून दोन दातेरी चाके मुळात एकमेकांसाठी केली होती की निरनिराळ्या मोडीतून आली, हेही ठरविता येते. पुष्कळदा दुसरा पर्याय खरा निघतो, आणि तो कारागिराच्या कमीपणाचा पुरावा समजण्याचे कारण नाही.

यंत्र हलविले गेले, विकले गेले, तरी कारखान्याची जागा काही काळ बोलत राहते. धावा तापविण्याच्या ठिकाणी माती वर्तुळाकार पट्ट्यात भाजून लाल झालेली असते. चुलीखालची माती भाजते ती मधोमध. जवळच भोक पाडलेला सपाट दगड मिळाला तर तो जात्याचा की चाक आडवे ठेवून त्याचा तुंबा खाली सोडण्याचा, हे पाहावे. जात्याच्या दगडाला टाकी लावल्याच्या खाचा असतात. दुसऱ्या प्रकारच्या दगडावर त्या नसतात. त्याच्या कडेला मात्र जाळाचा काळेपणा आणि ओतलेल्या पाण्याने उडालेल्या कपच्या दिसतात.