लाल हापसा, हिरवा हापसा

पाण्याची पारख करण्याच्या आपल्या परंपरागत कसोट्या इंद्रियांच्या आहेत. दिसायला नितळ, चवीला गोड, वासाला निर्दोष असे पाणी आपण निःशंक मनाने पितो. जंतूंचा शोध लागल्यावर या कसोट्यांत आणखी एकीची भर पडली आणि नदी-तळ्यांच्या उघड्या पाण्यापेक्षा जमिनीच्या पोटातले पाणी अधिक विश्वासार्ह ठरले. या सर्व कसोट्यांना उतरलेल्या पाण्याने एका देशातील कोट्यवधी लोकांचा घात कसा केला, हे बांगलादेशातील हापशांच्या इतिहासात पाहायला मिळते. तो इतिहास आम्हांला केवळ त्या देशापुरता वाटत नाही, म्हणून येथे थोडक्यात मांडत आहोत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ग्रामीण बंगालचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने पोखरांतून, म्हणजे गावतळ्यांतून, आणि नद्यांतून येत असे. पटकी आणि अतिसार यांनी दरवर्षी असंख्य मुले दगावत. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात सरकारने युनिसेफच्या साहाय्याने गावोगावी उथळ कूपनलिका खोदण्याची मोहीम हाती घेतली. गाळाची मऊ जमीन, वर आलेली पाणीपातळी आणि स्वस्त हातपंप यांमुळे ही कल्पना झपाट्याने रुजली. पुढे लोकांनी स्वखर्चानेही लाखो हापसे बसवले. दारात हापसा असणे हे सुस्थितीचे लक्षण झाले. बायकांची पायपीटही वाचली. हे सारे सद्हेतूने झाले आणि जंतूंपुरता विचार केला तर ते योग्यही होते, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

परंतु या पाण्यात अर्सेनिक होते. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात तो विषारी पदार्थ याच मूलद्रव्याचा. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या संयुगांचा लेप असतो आणि त्याला अर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली, प्राणवायूच्या अभावी, गाळातील सेंद्रिय द्रव्यावर जगणारे सूक्ष्मजीव लोहाची ही संयुगे विरघळवतात आणि अर्सेनिक पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, चव नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. त्याची बाधाही सावकाश होते. काही वर्षांनी त्वचेवर काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात आणि तळपाय खरखरीत होतात आणि पुढे त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. कित्येक गावांत या डागांना कुष्ठरोग समजले गेले. रोग्यांना दूर ठेवण्यात आले, मुलींची लग्ने मोडली.

सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालमध्ये, कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये असे रोगी ओळखले आणि त्यांच्या व्याधीचा संबंध कूपनलिकांच्या पाण्याशी जोडला. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षे नमुने तपासून या दुखण्याची व्याप्ती दाखवून दिली. बांगलादेशात मात्र अधिकृतपणे अर्सेनिक सापडले ते १९९३ मध्ये, चांपाई नवाबगंज येथे. पुढे ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्था आणि बांगलादेशाचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी देशभरातील साडेतीन हजारांवर विहिरींची पाहणी केली. २००१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. उथळ विहिरींपैकी सुमारे २७ टक्के विहिरींत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या देशाच्या मर्यादेहून अधिक अर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. तिच्या हिशेबाने बाधित पाणी पिणाऱ्यांची संख्या साडेपाच कोटींच्या वर जात होती.

मग प्रश्न उभा राहतो : आधी कोणी पाहिले कसे नाही? साधन नव्हते असे म्हणता येत नाही. अर्सेनिक ओळखण्याची मार्शची रासायनिक चाचणी १८३६ पासून उपलब्ध होती. विषप्रयोगाच्या खटल्यांत तिचा वापर होत असे. भूजलातून अर्सेनिकची बाधा होते हेही तैवानमधील संशोधनाने १९६० च्या दशकातच दाखवले होते. उपरोक्त ब्रिटिश संस्थेने १९९२ मध्ये बांगलादेशातील सुमारे दीडशे विहिरींचे पाणी तपासले होते, पण त्या यादीत अर्सेनिक नव्हते. याबद्दल एका ग्रामस्थाने इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये तेथील उमरावांच्या सभेने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, संस्थेचे त्या ग्रामस्थाप्रती कायदेशीर उत्तरदायित्व नाही असा निर्णय दिला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. आमच्या मते नीतीचा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाविषयीचे तिचे मौन मात्र लोक 'पाणी चांगले आहे' असेच वाचतात.

नंतर सुमारे पन्नास लाख हापसे जागेवरच तपासण्यात आले. रासायनिक प्रक्रियेने कागदाच्या पट्टीवर उमटणारा पिवळा-तपकिरी डाग पाहून हापशाचे तोंड रंगवायचे : धोक्याचा लाल, निर्धोक हिरवा. सुमारे चौदा लाख हापसे लाल झाले. काही पावलांच्या अंतरावरील दोन हापशांपैकी एक लाल तर दुसरा हिरवा, असेही घडे. त्यामुळे शेजाऱ्याच्या पाण्यावरून आपल्या पाण्याचा अंदाज बांधणे अशक्य होते. अनेकांनी हिरव्या हापशाकडे वाट वळवली. ज्यांना जवळपास हिरवा नव्हता त्यांच्यापुढे पुन्हा लाल हापसा किंवा जुनी पोखर एवढेच पर्याय होते. कालांतराने रंग उडाले, नवे हापसे तपासणीविनाच बसत गेले. २०१६ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने दिलेल्या अंदाजानुसार दोन कोटी लोक अद्यापही ५० मायक्रोग्रॅमहून अधिक अर्सेनिकचे पाणी पीत होते.

हा इतिहास वाचताना आम्हांला आपले यवतमाळ आणि चंद्रपूर आठवतात. भूगर्भ निराळा, विष निराळे. तेथील अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दात पिवळे पडतात, पुढे हाडे ताठरतात. येथेही उघड्या विहिरीच्या गढूळ पाण्याऐवजी खोलवरचे नितळ पाणी आले, तेव्हा ते वरदानच वाटले होते.

दुष्काळात हापशाला पाणी लागले की गाव नारळ फोडतो. त्या आनंदात काही वावगे नाही. पण नारळ फोडण्याआधी बाटलीभर पाणी तपासणीला जावे, कशाकशासाठी तपासले ते गावाला वाचून दाखवावे आणि दरवर्षी ते पुन्हा तपासले जावे. बांगलादेशातील रंग उडाला, कारण तो एकदाच दिला होता.